आधी टाकीत काय होतं?

नोकरी मागायला आलेल्या ड्रायव्हरला मी आधी लायसन्स मागत नाही. विचारतो, "मागच्या गाडीत काय भरायचास?" याचं उत्तर बहुतेक जण चटकन देतात. दूध, सिमेंट, डांबर, केमिकल, जे असेल ते. मग दुसरा प्रश्न टाकतो, "आणि तू गाडी ताब्यात घेतलीस, त्याच्या आदल्या ट्रिपला तिच्यात काय होतं?" इथं जो जरा थांबून, आठवून नीट सांगतो, त्याच्यासाठी चहा येतो. "ते मालकाला माहीत" म्हणणारा गाडी फर्मास चालवत असेलही. पण खाण्यापिण्याचा माल वाहणाऱ्या टाकीवर त्याला बसवण्याआधी बरंच शिकवावं लागणार, एवढं मला तिथंच कळतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातला. आमच्या विटा-आटपाडी पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईपायी देशभर पांगली, त्यातलेच माझे मेहुणे दिल्लीत आले आणि त्यांच्या मागोमाग मी. त्यांनी भट्टी धरली, मी स्टिअरिंग. गावाकडे असताना दुधाच्या टँकरवर खलाशी म्हणून लागलो होतो. चिलिंग सेंटरवरून रात्री निघायचं आणि पहाटेपर्यंत मुंबई गाठायची. आता गुरुग्रामजवळ मानेसरला एका ट्रान्सपोर्टरकडे सुपरवायझर आहे. गाड्या दुधाच्या जास्त, काही खाद्यतेलाच्या, थोड्या लिक्विड ग्लुकोजच्या. ड्रायव्हर पारखून घेणं माझ्याकडे असल्यामुळे महाराष्ट्रातूनही फोन येतात. त्या सगळ्यांना जे तोंडी सांगतो, तेच इथं सविस्तर लिहितो.

बोर्ड एकाचा, पगार दुसऱ्याचा

गुरुग्राम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काचेच्या इमारती येतात. नेस्ले इंडियाचं मुख्यालय इथं, पेप्सिको आणि कोका-कोलाची भारतातली मोठी कार्यालयं इथंच. मानेसरला मेहसाण्याच्या सहकारी दूधसंघाची दूधमानसागर डेअरी आहे, तिथून पुढं धारूहेड्याला त्याच संघाची दूधमोतीसागर. रोहतकला साबरकांठ्याच्या संघाची साबर डेअरी. हे दोन्ही संघ अमूलचेच. पलीकडे दिल्लीत पटपडगंजला 1974 पासून मदर डेअरी उभी आहे. एवढी नावं ऐकून गावाकडचा पोरगा म्हणतो, "मामा, अमूलमध्ये चिकटवा की."

त्याला समजावून सांगावं लागतं की, टाकीवर मोठ्या अक्षरात ज्याचं नाव रंगवलेलं असतं, तो सहसा ड्रायव्हरचा मालक नसतो. डेअरी किंवा तेलाची कंपनी वाहतुकीचं कंत्राट देते, टँकर ट्रान्सपोर्टरचे असतात आणि ड्रायव्हरला कामावर ठेवतो तोही ट्रान्सपोर्टरच. त्यामुळे कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज भरून हे काम क्वचितच मिळतं. ते मिळतं डेअरीच्या गेटबाहेर, जिथं टँकर रिकामे होण्यासाठी रांगेत उभे असतात. वजनकाट्यावर, टायरच्या दुकानात, टाक्या बांधणाऱ्या वर्कशॉपात. रांगेतल्या ड्रायव्हरांना चार-पाच तास मोकळे असतात. कुणाचा पगार वेळेवर होतो, कुणाच्या गाड्यांचे ब्रेक धड नाहीत, कोण खुराकीचे पैसे अडवतो, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. पहिली चौकशी तिथं करावी.

हल्ली व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही जागा येतात. मात्र 'नोंदणी फी' किंवा 'गेटपासचं डिपॉझिट' आधी मागणारा दिसला की तो नंबर ब्लॉक करायचा. ड्रायव्हर ठेवायला पैसे घेणारा खरा मालक मी तरी पाहिलेला नाही. तसंच मूळ लायसन्स कुणाच्या कपाटात ठेवायला द्यायचं नाही. 2018 पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स मूळ कार्डाइतकंच ग्राह्य आहे, तेव्हा दाखवायला मोबाइल पुरतो.

लायसन्स सांगतं ते अर्धंच

कागदांचं गणित अवघड नाही. ट्रान्सपोर्ट वाहनाच्या लायसन्ससाठी वय 20 पूर्ण हवं, त्याआधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन्स हातात हवं, आणि डॉक्टरचा दाखला. हे लायसन्स पाच वर्षं चालतं. आधी आठवी पास असण्याची अट होती, ती 2019 मध्ये गेली. ती जाण्याचं एक कारण आमच्या अगदी शेजारचं आहे. गुरुग्रामला लागून मेवात, म्हणजे आताचा नूह जिल्हा. तिथल्या कित्येक घरांत ट्रक चालवणं हाच पिढीजात धंदा; पोरांच्या हातात कसब आहे, पण शाळेचा दाखला नाही. हरियाणा सरकारने मेवातच्या लोकांसाठी ही अट काढा असं केंद्राला कळवलं आणि केंद्राने ती देशभरासाठीच काढली. माझ्याकडचे काही उत्तम ड्रायव्हर याच मेवातचे आहेत.

आता यातली गोम सांगतो. पेट्रोल, गॅस, ॲसिड असा धोकादायक माल न्यायचा तर ड्रायव्हरला वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. दूध किंवा गोडेतेल न्यायला अशी कुठलीही नोंद लागत नाही. सरकारच्या लेखी दुधाचा टँकर म्हणजे एक जड वाहन. अन्नाचा माल वाहणाऱ्या धंद्याला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो, पण तो ट्रान्सपोर्टरने. ड्रायव्हरला या कामातलं कळतं की नाही, हे लायसन्सवरून समजायची सोय नाही. म्हणून आमच्यासारखे लोक उलटसुलट प्रश्न विचारतात.

आम्ही वर्षातून एकदा ड्रायव्हरची वैद्यकीय तपासणी करून घेतो आणि टायफॉइडची लस टोचलेली आहे का ते पाहतो. अन्न हाताळणाऱ्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं 'फॉस्टॅक' नावाचं छोटं प्रशिक्षण असतं. त्याचं प्रमाणपत्र असलेला ड्रायव्हर आला तर त्याचा कागद मी गठ्ठ्यात वर ठेवतो. हे कुणी फारसं करत नाही, म्हणून ज्याने केलं तो उठून दिसतो.

अर्धी टाकी

ट्रायलसाठी टाकीत मुद्दाम अर्धं पाणी भरतो. मानेसरच्या सर्व्हिस रोडवर एक फेरी, दोन वळणं, एक स्पीडब्रेकर, एक उड्डाणपूल. सिमेंटच्या गोण्या वाहणारा ड्रायव्हर पहिल्याच ब्रेकला चमकतो. गाडी थांबते आणि लगेच मागून कुणी ढकलल्यासारखी पुढं सरकते. आतलं पाणी पुढच्या भिंतीवर आदळून परत फिरलेलं असतं.

भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी भरलेली टाकी जास्त दगा देते. पूर्ण भरली तर आत हलायला जागाच नसते. अर्धी असली की वळणावर सगळं द्रव बाहेरच्या बाजूला धावतं, गाडीचा तोल त्याच्याबरोबर जातो, आणि टाकी मुळात उंचावर बसवलेली. इतर टँकरांत लाटा मोडायला आडव्या जाळ्या-पत्रे लावतात. दुधाच्या टाकीत तसं करताना फार जपावं लागतं, कारण जितके कोपरे आणि सांधे, तितकी दूध साचून सडायची जागा. म्हणून स्टेनलेस स्टीलची ही टाकी आतून आरशासारखी गुळगुळीत ठेवतात आणि तिचे दोन-तीन कप्पे करतात. टाकी स्वच्छ राहावी म्हणून जो गुळगुळीतपणा ठेवला, त्याच्यामुळेच दूध मोकळं हलतं. ते सांभाळायचं काम शेवटी ड्रायव्हरच्या पायावर येतं. ब्रेक लांबून आणि हळू, वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. एक कप्पा रिकामा करून दुसरा भरलेला घेऊन निघायचं असेल तर कुठला कप्पा आधी रिकामा करायचा, हेही डोकं लावून ठरवायचं असतं.

वजनाचाही अंदाज हवा. 20,000 लिटर दूध म्हणजे वीस टनांहून जास्त माल. दुधाचं एक लिटर साधारण 1.03 किलो भरतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावरून भांडणं होतात.

धुण्याची चिठ्ठी

माल खाली केला की काम संपलं, असं बाकीच्या ट्रकांत असतं. आमच्याकडे तिथून अर्धं काम सुरू होतं. टाकी धुण्याच्या लाइनीला लावायची. आधी साधं पाणी, मग गरम कॉस्टिक सोडा, परत पाणी, मग सौम्य नायट्रिक ॲसिड, आणि शेवटी गरम पाणी. कॉस्टिक चरबी काढतं, ॲसिड दुधातला खडा काढतं. छतावरच्या फवाऱ्यातून हे आपोआप होत असलं तरी ड्रायव्हरने खाली बसून मोबाइल बघायचा नसतो. मॅनहोलच्या झाकणाचं रबर, खालचा व्हॉल्व्ह, होजपाइपचं तोंड आणि त्याची टोपी या चार जागा मशीनला नीट सापडत नाहीत. मी नव्या पोराला व्हॉल्व्ह खोलून बोट फिरवायला लावतो. बोट चिकट लागलं तर परत धुवायचं. सगळं झालं की धुतल्याची चिठ्ठी मिळते. त्यावर वेळ आणि सही असते. ती चिठ्ठी म्हणजे टाकीचा जन्मदाखला समजायचा.

इथं दोन गोष्टी जिवाच्या आहेत. एक, काहीही झालं तरी टाकीत उतरायचं नाही. बंद टाकीत हवा कमी असते, वर रसायनाची वाफ. माणूस वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. दुसरी, गरम धुणं झाल्यावर झाकण आणि व्हॉल्व्ह सगळं घट्ट बंद करून ठेवायचं नाही. आतली वाफ थंड होऊन आकसते, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने भली मोठी टाकी आत चेपते. झाकण उघडं न ठेवता पंप लावून टाकी रिकामी केली तरी हेच होतं. लाखोंची टाकी एका मिनिटात भंगार होते.

तेलाच्या टाकीचे नियम निराळे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. कांडला, मुंद्रा बंदरांवर जहाजातून उतरतं आणि तिथून टँकर उत्तरेकडे निघतात. तेलाची टाकी धुऊन पूर्ण कोरडी करावी लागते. तळाला राहिलेलं पाणी तेल बिघडवतं.

एवढं सगळं कशासाठी, असं नवीन ड्रायव्हर विचारतो तेव्हा मी त्याला दोन घटना सांगतो. अमेरिकेत 1994 मध्ये एका कंपनीच्या आइस्क्रीममुळे साल्मोनेलाची साथ पसरली. अंदाजे सव्वादोन लाख माणसं आजारी पडली. तपासात निघालं की, आइस्क्रीमचं तयार मिश्रण ज्या टँकरमधून आणलं, त्याच टँकरमधून आधी कच्च्या अंड्यांचा द्रव वाहिला होता. मिश्रण निर्जंतुक केलेलं होतं, पण नंतर परत तापवलं गेलं नाही. दुसरी घटना जुलै 2024 मधली. चीनमध्ये 'बीजिंग न्यूज' या वृत्तपत्राने उघड केलं की, कोळशापासून बनवलेलं इंधन वाहणारे टँकर न धुताच खायच्या तेलासाठी वापरले जात होते. देशभर गदारोळ उठला, सरकारला चौकशी लावावी लागली. या दोन्ही ठिकाणी गाड्या उलटल्या नव्हत्या, कुणी दारू पिऊन चालवलं नव्हतं. गाड्या वेळेवर पोचल्या होत्या.

म्हणून आमच्याकडचा नियम एकच: चिठ्ठी नाही तर भरणं नाही. मालकाने फोनवर कितीही घाई केली तरी. हे 'नाही' म्हणायचं धैर्य ज्याच्यात दिसतं, त्याला मी आधी घेतो.

काटा, किलो आणि लिटर

दुधाच्या टँकरला फ्रीज नसतो. दूध चार अंशांपर्यंत थंड करून भरायचं आणि टाकीच्या दोन पत्र्यांमधला पफचा थर ती थंडी धरून ठेवतो. वाटेत थंड करायची सोय नाही, म्हणजे खरं थंड ठेवतो तो वेळ. उशीर झाला की तापमान चढतं, आम्लता चढते आणि डेअरीतला केमिस्ट गाडी परत पाठवतो.

महाराष्ट्रातल्या ड्रायव्हरांनी हे जुलै 2018 मध्ये चांगलंच अनुभवलं. दूध दरासाठी स्वाभिमानी शेतकरी संघटनेचं आंदोलन होतं, राजू शेट्टींनी मुंबईचं दूध रोखण्याची हाक दिली होती. पोलिसांच्या बंदोबस्तात टँकर जात होते आणि काही ठिकाणी रस्त्यावर दूध वाहत होतं. शेतकऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ड्रायव्हरही शेतकऱ्याच्याच घरातला. त्या दिवसांत कुठल्या रस्त्याने जायचं, कधी थांबायचं आणि कधी सरळ हात जोडायचे, हे ज्यांना कळलं ते ड्रायव्हर आजही मालकांच्या लक्षात आहेत. उत्तरेत अडचण वेगळ्या रूपात येते. हिवाळ्यात धुकं, आणि प्रदूषण वाढलं की दिल्लीत ट्रकबंदी. जीवनावश्यक मालाला सूट असते, पण ती गेटवरच्या शिपायाला कागद दाखवून मिळवावी लागते. दिल्लीत शिरायचंच नसेल तर 2018 मध्ये पूर्ण झालेला कुंडली-मानेसर-पलवल एक्स्प्रेसवे आहे. राजस्थान-गुजरातकडून येणारी गाडी मानेसरवरून सरळ सोनीपतकडे काढता येते.

डेअरीत पोचल्यावर आधी सीलचे नंबर चलनाशी ताडून बघतात. मग झाकण उघडून दूध ढवळतात, कारण साय वर बसलेली असते आणि वरचाच नमुना घेतला तर फॅट जास्त लागतं. तापमान, वास, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), आम्लता, युरिया-मिठासारखी भेसळ, सगळं तपासून मग काटा. ढवळताना ड्रायव्हरने तिथं उभं राहायचं. तो त्याचा हक्क आहे आणि त्याच्या फायद्याचंही आहे.

एकदा एक नवा पोरगा हिरमुसला होऊन माझ्याकडे आला. चलनावर 20,000 लिहिलेलं आणि डेअरीच्या पावतीवर 19,417. त्याला वाटलं, पाचशे-ऐंशी लिटर दूध आपल्या गळ्यात पडणार. मी चलन नीट बघायला सांगितलं. भरताना किलो लिहिले होते, उतरवताना लिटर. 20,000 ला 1.03 ने भागलं की बरोबर 19,417 येतात. दूध थेंबभर कमी नव्हतं. त्या दिवसापासून तो सही करताना आकड्याच्या पुढचं 'किलो' की 'लिटर' वाचतो.

खरी तूटही कधी होते. ढाब्यामागे एखादा माणूस बादली घेऊन येतो, "उस्ताद, थोडं काढू द्या, पाणी घालू, कुणाला कळणार?" म्हणतो. आता गाड्यांना जीपीएस आहे, सील नंबरी आहे, पाणी घातलं की एसएनएफ खाली येतं. पण याच्याही आधी, ज्याला हे विचारावंसंच कुणाला वाटत नाही, असा माणूस आम्हाला हवा असतो. त्यासाठी आधीच्या मालकाला फोन करतो. नवीन पोरांनी हे जाणून असावं की, पहिल्या नोकरीतला मालक तुमचं पुढचं लायसन्स असतो. भांडून गेलात तरी हिशेब पूर्ण करून जा.

पगार विचारण्याआधी

एकदम स्टिअरिंग मिळेल अशी आशा धरू नये. लांबच्या ट्रिपला दोन ड्रायव्हर असतात. जड वाहनाचं लायसन्स नवीन असेल तर सेकंड ड्रायव्हर म्हणून लागा, दिवसा चालवा, धुणं आणि सॅम्पल शिका. पुण्याजवळ भोसरीला सीआयआरटी ही केंद्रीय संस्था ड्रायव्हरांना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देते. हरियाणात बहादुरगढ आणि रोहतकला तशीच केंद्रं आहेत. शिकून आलेल्या पोराच्या हाताला वळण असतं, ते ट्रायलमध्ये दिसतं.

मालकाला तुम्हीही प्रश्न विचारायचे. महिन्याचा पगार किती आणि खुराकी वेगळी की त्यातच? डेअरीत गाडी खोळंबली तर त्या वेळेचे पैसे मिळतात का? धुण्याचा वेळ ड्युटीत धरतात का? तूट आली तर किती टक्क्यांपर्यंत माफ आणि त्यापुढं कुणाच्या नावावर? हे उत्तर कागदावर घ्या. मालकाकडे वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ, दहा असतील आणि पगार महिना 21,000 च्या आत असेल तर ईएसआय, हे मागायला लाजू नका. आणि झोप. 1961 सालच्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यानेच दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. आता त्याच्या जागी नव्या श्रमसंहिता आल्या, पण माणसाच्या डोळ्यांचा कायदा बदललेला नाही. रात्री दोन ते पाचच्या दरम्यान एकटाच चालवायला सांगणारा मालक असेल तर दुसरीकडे बघा.

असे प्रश्न विचारणाऱ्याला काही ठिकाणी 'फार शहाणा' म्हणून परत पाठवतात. पाठवू देत. आमच्या यार्डात ड्रायव्हर नाहीत म्हणून टँकर उभे राहिलेले मी दर हंगामात बघतो. धुण्याच्या चिठ्ठीवर अडून बसणारा, किलो-लिटर वाचणारा आणि झोप आली की गाडी बाजूला घेणारा ड्रायव्हर आला, तर त्याच्या पगारासाठी मीच मालकाशी भांडतो.